बिजागरीवर सही करणाऱ्या साहेबांस

साहेब,

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची आपल्याकडे रीत आहे. प्रेम उरलेलं नाही, म्हणून नुसता नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. तुमच्या कंपनीचं नाव माझ्या लॅपटॉपच्या झाकणावर चकचकीत अक्षरांत आहे, पण ते इथे लिहीत नाही. तुमच्यासारखा एकेक साहेब बहुतेक कंपन्यांत बसलेला आहे आणि हे पत्र त्या सगळ्यांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे. तुम्ही आहात एवढं मात्र नक्की. कधीतरी एका बैठकीत एक ड्रॉइंग टेबलावर आलं. त्यात पोलादाची ताठ बिजागरी प्लास्टिकच्या बारीक खुंट्यांवर बसवलेली होती. कुणीतरी ते पाहिलं, किती पैसे वाचतात याचा आकडा पाहिला आणि खाली सही केली. ती सही तुमची.

आधी चांगलं काय ते सांगते, कारण तुमच्या वस्तूत चांगलंही पुष्कळ आहे. बटण दाबलं की चहाचा घोट घ्यायच्या आत यंत्र सुरू होतं. वजन हलकं आहे, खांद्याला रग लागत नाही. कळफलकावर तासन्‌तास टाइप केलं तरी बोटं दुखत नाहीत. आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो; पूर्वी डेस्कटॉपवर अर्धं काम झालेलं असायचं आणि स्क्रीन काळी व्हायची, यूपीएस नुसताच टीं टीं करत राहायचा. लॅपटॉपने तो जाच संपवला. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. निकाल, प्रश्नपत्रिका, मुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज हे सगळं मी या यंत्रावर केलं आहे, आणि पहिलं वर्षभर मी भेटेल त्याला सांगत होते, हाच घ्या म्हणून.

धाराशिव जिल्ह्यात लॅपटॉप आता हौसेची वस्तू राहिलेली नाही, हे तुमच्या विक्री विभागाला माहीत आहे; तुम्हालाही माहीत असायला हवं. कळंबला आपले सरकार सेवा केंद्र चालवणारी माझी एक ओळखीची बाई आहे. पीक विम्याची मुदत संपत आली की तिच्या दारात सातबारा घेऊन माणसं उभी असतात. तिचं पोट त्या यंत्रावर आहे, आणि त्या माणसांचा विमाही. भूम तालुक्यातले एक गुरुजी युडायस आणि शालार्थ या सरकारी पोर्टलांवरची शाळेची कामं घरच्या लॅपटॉपवर करतात, शाळेच्या संगणकाची वाट पाहत बसत नाहीत. माझी भाची तुळजापूरला अभियांत्रिकी शिकते. उमरग्यातला आमचा एक पाहुणा डाळीचा व्यापारी आहे, त्याचा जीएसटीचा सगळा हिशेब लॅपटॉपवर. या सगळ्यांना मी विचारलं, घेतल्याचं समाधान आहे का? प्रत्येकाने ‘आहे’ म्हटलं, आणि पुढे ‘पण’ लावला. तो ‘पण’ कुठून येतो ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा ‘पण’ वॉरंटी संपल्यावर दोन महिन्यांत आला. झाकण उघडताना कट्‌ असा आवाज झाला आणि स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट पडली. मी ते यंत्र कधी पाडलं नाही, त्यावर काही ठेवलं नाही, मुलांच्या हाती दिलं नाही. बसस्थानकाजवळच्या दुरुस्तीवाल्या पोराकडे नेलं. त्याने खालचं झाकण उघडलं, चिमट्याने एक बारीक पितळी बुश उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. तांदळाच्या दाण्याहून थोडा जाड. बाहेरून खवले, आतून आटे. “मॅडम, ह्यो प्लास्टिकमधनं उपटून आलाय. स्क्रू शाबूत हाय, बिजागरी शाबूत हाय. ज्याच्यात बसवायचा तेच फुटलंय. आता बसवू कशात?”

मग त्याने मला सगळं नीट समजावलं, तुमच्या कुठल्याही माणसाने समजावलं नसतं इतकं नीट. स्क्रीन हलू नये म्हणून बिजागरी ताठ ठेवतात. ती ताठ असल्यामुळे दर वेळी झाकण उघडताना सगळा जोर तिच्या बुडाशी असलेल्या तीन-चार स्क्रूंवर येतो. स्क्रू पितळी बुशात, बुश तापवून प्लास्टिकच्या खुंटीत दाबलेला. यंत्र पातळ करायचं म्हणून खुंटी बारीक, स्क्रीनची कड अरुंद करायची म्हणून बिजागरीला धरायला जागा कमी. त्यात आमची धूळ बिजागरीत जाते, वंगण सुकतं, ती आणखी ताठ होते. प्लास्टिक मात्र उन्हाळ्यागणिक ठिसूळ होत जातं. एक बुश सुटला की त्याचा भार शेजारच्यावर, तो सुटला की पुढच्यावर. शेवटी बिजागरी कळफलकाची कड उचकटते आणि स्क्रीनकडे जाणारी वायर कापते. मग पॅनलही गेलं.

त्या पोराकडे एका डबीत असे कितीतरी बुश साठलेले होते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या लॅपटॉपमधून निघालेले. मॉडेल वेगळं, किंमत वेगळी, रोग एकच. अभियांत्रिकीची पदवी नसलेल्या मुलाला त्याच्या पत्र्याच्या दुकानात बसून जे दिसतं, ते तुमच्या प्रयोगशाळेत दिसलं नसेल यावर माझा विश्वास नाही. तुम्ही बिजागरी हजारो वेळा उघडझाप करून तपासता, तशी जाहिरातही करता. काही यंत्रांवर तर अमेरिकन लष्कराच्या एमआयएल-एसटीडी-810एच मानकाचा उल्लेख असतो. त्या मानकातल्या कुठल्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनीच ठरवते आणि निकालावर लष्कराचा शिक्का नसतो, हे सांगायला मात्र पेटीवर जागा उरत नाही.

तुमच्या सेवा केंद्राला फोन केला. आमच्या 413501 या पिनकोडला घरपोच सेवा नाही, सोलापूरला आणा म्हणाले. सुट्टी टाकली, एसटीने तुळजापूरवरून सोलापूर गाठलं. काउंटरवरच्या मुलाने यंत्र उघडलंही नाही. वरूनच बघून ‘फिजिकल डॅमेज’ लिहिलं, म्हणजे चूक माझी. त्या मुलावर माझा राग नाही, त्याच्यापुढच्या स्क्रीनवर तेवढाच पर्याय होता. खर्च विचारला तर नुसती खुंटी किंवा नुसतं झाकण मिळत नाही. कळफलकासकट अख्खी वरची बाजू घ्यावी लागते, कारण कळफलक तिला प्लास्टिकच्या रिव्हेटने कायमचा चिकटवलेला आहे. वर 18 टक्के जीएसटी आणि मजुरी. शंभर रुपयांचंही प्लास्टिक फुटलेलं नसताना यंत्राच्या किमतीच्या पाव हिश्शाचं बिल.

शेवटी त्या दुकानातल्या पोरानेच मार्ग काढला. झाकणाला आरपार भोकं पाडली आणि नटबोल्टने बिजागरी आवळली. आता माझ्या लॅपटॉपच्या पाठीवर दोन बोल्टची टोकं दिसतात. यंत्र व्यवस्थित चालतं. तुमच्या रचनेत जे नव्हतं ते त्याने दोन बोल्टमध्ये दिलं.

विहिरीवरची मोटार जळाली तर कळंबात, वाशीत, परंड्यात तिचं वायंडिंग भरून मिळतं. ती उघडता यावी अशीच बनवलेली असते, तिचे भाग सुटे मिळतात, आणि म्हणून तालुक्याच्या गावी तिचे कारागीर तयार झाले. तुम्ही तुमचं यंत्र कडेकोट बंद केलंत, त्यामुळे आमच्या कारागिरांच्या हाताला काम असूनही सामान नाही.

आता बॅटरी. गुरुजींच्या लॅपटॉपचा टचपॅड वर आला होता. त्यांना वाटलं कळ अडकली. आत बॅटरी फुगली होती. लिथियम-आयन बॅटरी साधारण 300 ते 500 पूर्ण चार्जनंतर थकते. ती कायम पूर्ण भरलेली राहिली आणि वर उष्णता मिळाली तर आतलं रसायन लवकर बिघडतं, वायू साठतो आणि ती उशीसारखी फुगते. फुगलेली बॅटरी टोचली गेली तर आग लागू शकते, आणि गुरुजी तो लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करत होते. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत यंत्र 35 अंश सेल्सिअसपर्यंत वापरा असं लिहिलेलं असतं. साहेब, धाराशिवात मार्च उजाडला की दुपारचा पारा 35 च्या वर जातो आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडतो. म्हणजे तुमच्याच पुस्तिकेप्रमाणे वर्षातले जवळजवळ तीन महिने भरदुपारी आम्ही हे यंत्र वापरायला नको. हे दुकानात कोणी सांगितलं? जाहिरातीत एसी खोलीतली मुलगी हसताना दाखवता. तिच्या जागी पत्र्याखाली बसून विम्याचे अर्ज भरणारी कळंबची बाई ठेवून एकदा चाचणी घ्या.

रॅमबद्दल थोडक्यात. भाचीला दुसऱ्या वर्षी मोठी सॉफ्टवेअर लागली, 8 जीबी कमी पडू लागली. वाढवायला गेली तर दुकानदार म्हणाला, स्लॉटच नाही, ऑनबोर्ड आहे. कमी वीज खाणारी रॅम बहुतेक वेळा बोर्डावर डाखावी लागते, त्यात वेगही मिळतो, हे मला मान्य आहे. पण मग पेटीवर ठळक अक्षरांत लिहा की ही पुढे वाढवता येणार नाही. अठरा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या वडिलांना ते विकत घेतल्यावर दुसऱ्या वर्षी का कळावं? त्या वडिलांनी सोयाबीनच्या पट्टीतून पैसे बाजूला काढले होते.

आणि विंडोज 10. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला तिचा नेहमीचा पाठिंबा थांबवला. गुरुजींचं आधीचं यंत्र 2016 चं, उत्तम चालणारं. प्रोसेसर जुना म्हणून विंडोज 11 त्याला स्वीकारत नाही. ते त्यांनी कपाटात ठेवून दिलं. हा दोष तुमचा एकट्याचा नाही, म्हणून पुढे जाते.

मला सर्वांत जास्त खटकतं ते वेगळंच. लॅपटॉप घरी आला आणि आठवड्याच्या आत मला निरोप आला: तारे द्या. मी पाच दिले. खरेच दिले, त्या आठवड्यात माझं समाधान पाच ताऱ्यांचंच होतं. भाचीने दिले, गुरुजींनी दिले. ते तारे बघून पुढच्या माणसाने खरेदी केली. बुश उपटला, बॅटरी फुगली, रॅम अडली, तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नाही. तुमची गुणपत्रिका पहिल्या आठवड्यात छापली जाते आणि नापास होणारे विषय दुसऱ्या वर्षापासून सुरू होतात. आमचं समाधान अर्धंमुर्धं का, याचं उत्तर या वेळापत्रकात आहे. तुम्हाला ते बदलायचं नाही, कारण तिसऱ्या वर्षी विचारलं तर कोण काय सांगेल हे तुम्हाला ठाऊक आहे.

यापेक्षा चांगलं जमत नाही असं म्हणू नका. महाराष्ट्रातच एक वेगळं यंत्र येऊन गेलेलं आहे. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या छोट्या वस्तीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप मिळाले. निकोलस नेग्रोपोंटे यांच्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेतलं ते एक्सओ यंत्र. भारतातला त्या योजनेचा पहिला प्रयोग तिथे झाला. ते बनवणाऱ्यांनी सुरुवातच खेड्यापासून केली होती. मेरी लू जेपसन यांनी त्याचा पडदा असा घडवला की भर उन्हात अंगणात बसूनही अक्षरं वाचता यावीत. कळफलक रबरी आणि सलग, धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून. बॅटरी हाताने काढून बदलता येणारी, लिथियम आयर्न फॉस्फेटची, सुमारे 2000 चार्ज टिकावी अशा बेताची. साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडता येणारं यंत्र, आणि आत जादा स्क्रूसुद्धा ठेवलेले! त्याचा देवनागरी कळफलकही तयार झाला होता. तुमच्या कंपनीचा देवनागरी अक्षरांचा कळफलक मला धाराशिवात एकाही दुकानात मिळाला नाही. इनस्क्रिप्टची मांडणी भारतीय मानकात कित्येक वर्षांपासून आहे, तरी आमचे शिक्षक कळांवर स्टिकर चिकटवतात.

एक्सओ निर्दोष नव्हतं. शंभर डॉलरला देऊ म्हणाले आणि किंमत जवळजवळ दुपटीवर गेली. प्रोसेसर मंद, जागा अवघी 1 जीबी, त्या रबरी कळा अडकायच्या अशी तक्रार जगभर झाली. शिक्षकांची तयारी आणि देखभाल यांवाचून नुसतं यंत्र वाटून शाळा बदलत नाही, हेही त्या योजनेत सगळीकडे दिसलं. पण ऊन, धूळ, वीज आणि दुरुस्ती या चार गोष्टींचा विचार त्यांनी ड्रॉइंग काढतानाच केला. खैराटच्या मुलांसाठी तो 2007 मध्ये करता आला. तुम्ही इतक्या वर्षांनंतर, अनेक पट पैसे घेऊन, तो करत नाही. याला अडचण म्हणत नाहीत, निवड म्हणतात.

आणि दडपण आलं की तुमची जमात बरोबर सुधारते, याचेही दाखले आहेत. 2006 मध्ये डेलने सोनीच्या सेल असलेल्या 41 लाख बॅटऱ्या परत बोलावल्या, कारण काही पेटल्या होत्या. ॲपलने 2015 मध्ये आणलेला ‘बटरफ्लाय’ कळफलक धुळीच्या कणाने अडायचा. ग्राहकांनी मिळून दावा लावला, 2022 मध्ये 5 कोटी डॉलरवर तडजोड झाली, आणि त्याआधीच कंपनीने ती रचना सोडून दिली होती. फ्रान्समध्ये जानेवारी 2021 पासून लॅपटॉपवर दहापैकी दुरुस्तीचे गुण छापावे लागतात: उघडणं किती सोपं, सुटे भाग मिळतात का, त्यांची किंमत काय. युरोपीय संघाच्या बॅटरी नियमाप्रमाणे फेब्रुवारी 2027 पासून अशा उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. म्हणजे तसं यंत्र तुम्ही तिकडच्यासाठी बनवणारच आहात. तेच धाराशिवच्या दुकानात ठेवायला तुमचं काय जातं?

आपल्या सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, आणि दुरुस्ती निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने मे 2025 मध्ये अहवाल दिला. त्यात सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून सुचवली आहे. लॅपटॉपचा नंबर लागेपर्यंत आम्ही गप्प बसावं असा तुमचा हिशेब असेल तर तो चुकतो आहे. 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा स्वतंत्र कायदासुद्धा नव्हता. आज आमच्या हातात 2019 चा कायदा आहे. त्यातली एक तरतूद तुमच्या विधी विभागाला विचारून घ्या: तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते. मी तुमच्या मुख्यालयाच्या शहरात यायची गरज नाही, तुम्हाला धाराशिवला यावं लागेल. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला दाव्याची फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

माझं मागणं मोठं नाही. बुश बसवायला धातूची पट्टी घाला. तिचा खर्च माझ्या दोन बोल्टपेक्षा फार जास्त होणार नाही. बॅटरी, बिजागरी, कळफलक हे भाग सुटे विका, त्यांच्या किमती उघड ठेवा आणि यंत्र विकणं बंद केल्यावरही काही वर्षं पुरवा. सेवा केंद्र प्रत्येक जिल्ह्यात उघडणं परवडत नसेल तर आमच्या इथल्या दुरुस्तीवाल्या पोरांना अस्सल सामान आणि सर्किटचे नकाशे द्या, बाकीचं ते करतील. रॅम वाढते की नाही, बॅटरी किती चार्ज टिकेल, किती तापमानापर्यंत वापरायचं, हे पेटीवर मराठीत छापा. आणि तारे मागायचेच असतील तर दोन वर्षांनी पुन्हा मागा, आणि तेही दाखवा.

कळंबच्या त्या बाईंना नवा लॅपटॉप घ्यायचा आहे. मी त्यांच्याबरोबर दुकानात जाणार आहे. दुकानदाराला आधी विचारणार: याचं खालचं झाकण उघडून दाखवता का? नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात. कॉलेजातल्या मुलींनाही मी हेच शिकवलं आहे, पालकांच्या सभेतही सांगितलं आहे.

माझी तक्रार लिहून तयार आहे. बिल, वॉरंटी कार्ड, तुमच्या केंद्राने दिलेला ‘फिजिकल डॅमेज’चा कागद, बोल्ट मारण्याआधी काढलेले फोटो आणि तो उपटलेला पितळी बुश, सगळं जोडलं आहे. दोन वर्षांची मुदत अजून संपलेली नाही. जिल्हा ग्राहक आयोगाची नोटीस मिळाली की तारीख कळेलच. येताना त्या बिजागरीचा चाचणी अहवाल घेऊन या: किती वेळा उघडझाप केली, किती तापमानाला केली, आणि त्यात धूळ घातली होती का.

आपली ग्राहक,
धाराशिव